‘फुटबॉल मॅनेजर’ : हरायला लागलं की आधी थांबा

आज ‘फुटबॉल मॅनेजर’बद्दल बोलू. या गेममध्ये बॉल आपल्या पायात कधी येतच नाही. आपण मॅनेजर. संघ निवडायचा, डावपेच आखायचे, पगाराचा हिशेब सांभाळायचा आणि सामना बाहेर बसून बघायचा. नवीन खेळणारे बरेच जण दोन महिन्यांत कंटाळून सोडून देतात. माझंही तसंच होणार होतं.

मी इंग्लंडच्या पाचव्या पातळीवरचा एक छोटा क्लब घेतला होता. २४ संघ, ४६ सामने, तळाचे चार संघ खाली जातात. आमचे नऊ सामने झाले आणि एकही विजय नाही! मी काय करत होतो? हरलो की डावपेच बदल. ४-४-२ चाललं नाही, मग तीन बचावपटू. तेही नाही जमलं, मग पुढे जाऊन जोरदार प्रेसिंग. शेवटी संचालक मंडळाने बोलावून घेतलं. नोकरी जाणार हे दिसत होतं.

तेव्हा मी डावपेचांचं पान नीट वाचलं. संघाला आपली पद्धत किती अंगवळणी पडली आहे, हे दाखवणारी एक पट्टी तिथे असते. माझी पट्टी कधी भरलीच नव्हती. भरेल कशी? दर आठवड्याला मी नवीन धडा काढत होतो.

म्हणून पहिली गोष्ट : एकच फॉर्मेशन ठरवा, तेही हाताशी असलेले खेळाडू बघून. मोसमाआधीचे मैत्रीपूर्ण सामने दुबळ्या संघांशी ठेवा. सराव होतो आणि जिंकल्याने मनोबलही चढतं.

दुसरी : हरलात तर गोल कुठून झाले ते बघा आणि एकच गोष्ट बदला. आमचे बहुतेक गोल बाजूने आलेल्या क्रॉसवर होत होते. माझे दोन्ही फुलबॅक हल्ल्यासाठी पुढे धावायचे आणि मागे मैदान मोकळं. मी त्यांना फक्त मागे थांबायला सांगितलं, बाकी काही हलवलं नाही. शिवाय आठवड्यात दोन सामने असतील तर प्रेसिंग कमी करा. दमलेला खेळाडू चुका करतो आणि दुखापतही ओढवून घेतो.

तिसरी : पैसा. खेळाडूची किंमत एकदा द्यायची, पगार दर आठवड्याला. छोट्या क्लबने करार संपलेले खेळाडू शोधावेत, ते फुकट मिळतात. फक्त ताऱ्यांवर भुलू नका. ते तारे म्हणजे तुमच्याच माणसांचा अंदाज असतो, आणि तोही तुमच्या संघाच्या तुलनेत. १ ते २० मधले आकडे बघा. खालच्या पातळीवर वेग, मेहनत आणि जिद्द असलेला खेळाडू सहसा निराश करत नाही.

चौथी : शब्द जपून द्या. ‘तुला नियमित खेळवीन’ म्हणालात आणि बाकावर बसवलंत, तर तो रुसतोच, त्याचे संघातले मित्रही बिथरतात.

आणि शेवटची. हरलो की जुनी सेव्ह उघडून सामना पुन्हा खेळायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण तसं केलं असतं तर त्या फुलबॅकची चूक मला कधी कळलीच नसती. हार पुसून टाकली की तिच्यातलं शिकणंही पुसलं जातं.

आमचं काय झालं? शेवटच्या दिवशी बरोबरी साधली आणि आम्ही विसावे आलो, म्हणजे एका जागेने वाचलो. चषक नाही, मिरवणूक नाही. तरी रात्री दीड वाजता मी खुर्चीतून उठून एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तुमचा क्लब आज तळाला असेल तर सेव्ह पुसू नका. गोल कुठून होतायत तेवढं आधी बघा. भेटू पुढच्या भागात.