मिठाचा कर आणि पावाचा भाव



आज आपण १७८९ सालच्या फ्रान्सची गोष्ट ऐकणार आहोत. राजा-राणीची नाही, चुलीपाशी बसलेल्या बाईची.

त्या काळी फ्रान्समध्ये माणसांचे तीन वर्ग होते आणि ते कायद्यानंच ठरलेले होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-उमरावांचा आणि तिसरा बाकी सगळ्यांचा. शेतकरी, मजूर, धोबिणी, विणकर, व्यापारी, वकील, सगळे तिसऱ्यात. पहिले दोन मिळून शंभरात दोन माणसंसुद्धा भरत नव्हती. पण जमिनीवर आणि कमाईवर बसणारा जो मुख्य कर होता, त्यातून त्यांना सूट होती. म्हणजे ज्याच्याकडे जास्त, त्याला माफी. ज्याच्याकडे कमी, त्याच्यावर भार.

शेतकऱ्याच्या पिकातला वाटा चर्चला जाई. गावाच्या जमीनदाराला वेगळं देणं. पुष्कळ गावांत दळण त्याच्याच चक्कीवर दळायचं आणि पाव त्याच्याच भट्टीत भाजायचा, तोही पैसे मोजून. त्याची कबुतरं शेतात उतरली, तरी शेतकऱ्यानं त्यांना मारायचं नाही.

आणि मीठ! पॅरिससह देशाच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे दरसाल ठरावीक मीठ सरकारी कोठारातून, सरकारी भावानं घ्यावंच लागे. तेही फक्त रोजच्या जेवणापुरतं. हिवाळ्यासाठी मांस खारवायचं असेल, तर त्याचं मीठ पुन्हा वेगळं विकत घ्या. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात मात्र हा कर नव्हता, तिथं मीठ स्वस्त. मग बायका-मुलंसुद्धा मीठ लपवून आणत आणि पकडली गेली तर शिक्षा भोगत.

१७८८ च्या जुलैत मोठी गारपीट झाली, पीक गेलं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये दोन किलोच्या आतबाहेरचा एक पाव साडेचौदा सू या भावाला गेला. मजुराची दिवसाची कमाई होती २० ते ३० सू. एवढ्यात घर कसं चालवायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या वसंतात राजानं गावोगावच्या तक्रारी लिहून मागवल्या. लोकांनी वह्या भरल्या. मिठाचा कर, जमीनदाराची देणी, सगळं लिहिलं. मे महिन्यात तिन्ही वर्गांची सभा भरली. पण जुनी रीत अशी, की प्रत्येक वर्गाला एकच मत. म्हणजे दोन विरुद्ध एक, निकाल आधीच ठरलेला! तिसऱ्या वर्गानं ही रीत मानायला नकार दिला. तिथून क्रांतीला तोंड फुटलं.

५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका पावसात सुमारे २० किलोमीटर चालत व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या. मागणी होती भाकरीची. दुसऱ्या दिवशी राजाला त्यांच्याबरोबर पॅरिसला यावं लागलं. १७९० मध्ये मिठाचा कर रद्द झाला.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथं संपत नाही. ज्या बायकांनी राजाला राजवाड्याबाहेर काढलं, त्यांच्या देशात बाईला मताचा हक्क मिळाला १९४४ साली. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांनी.

भार कोणावर पडतो आणि ठरवताना कोणाला विचारलं जातं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. तो वेगळा विचारावा लागतो. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.