पाला हिरवा, बटाटा बारका



मी राहतो रहाटणीला. इथल्या बहुतेक शेतांवर आता इमारती उभ्या आहेत. पण पावसाळा सरता सरता भाजीबाजारात नवा बटाटा येतो, आणि त्यातला बराचसा येतो चाकणच्या बाजारावरून. पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर ओलांडून पुढे गेलं की आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार लागतं. पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव ही तिथली गावं. खरिपातला बटाटा हे या पठाराचं मुख्य पीक.

पठाराची जमीन हलकी ते मध्यम, उताराची, पाण्याचा निचरा होणारी. जमिनीत पाणी साचलं तर बटाटा सडतो, म्हणून ही जमीन त्याला मानवते. पण निचऱ्याचा तोटाही आहे. मोठा पाऊस झाला की नत्र पाण्याबरोबर वाहून जातं. बटाट्याच्या मुळ्याही फार खोल जात नाहीत. खाली गेलेलं अन्न त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून सगळं नत्र एकदम न देता काही लागवडीच्या वेळी आणि उरलेलं महिनाभराने, मातीची भर लावताना द्यायचं असतं.

बटाट्याला नत्र लागतं पाल्यासाठी, स्फुरद मुळ्यांसाठी, आणि पालाश लागतं ते पानात तयार झालेली साखर खाली कंदात पोचवायला. शेतकरी ज्याला फुगवण म्हणतात ती पालाशाविना होत नाही. शेतातून निघालेल्या बटाट्याबरोबर जमिनीतून जेवढं नत्र जातं, त्याच्या दीडपटीच्या आसपास पालाश जातं. आपण परत काय देतो? बहुतेक वेळा युरिया.

यात एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. २०१० साली केंद्र सरकारने खतांच्या अनुदानाचं धोरण बदललं. स्फुरद-पालाशाच्या खतांच्या किमती बऱ्याच मोकळ्या सोडल्या, युरियाची मात्र बांधलेलीच ठेवली. युरियाची ४५ किलोची गोणी २०१८ पासून पावणेतीनशेच्या आत. पालाशाची ५० किलोची गोणी २०२२ साली दीड हजारांच्या वर गेली होती. पालाश आपण बाहेरून आणतो, कॅनडा, रशिया, बेलारूसकडून. तिकडे युद्ध पेटलं की इथे भावडीच्या दुकानदाराचा भाव बदलतो.

शिवाय युरियाचा गुण डोळ्यांना दिसतो. चार दिवसांत पाला काळाभोर हिरवा होतो, बांधावरून जाणारा म्हणतो, "काय पीक आहे!" नत्र जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं, कंद उशिरा धरतं, काढणीच्या वेळी बटाटा कच्चा राहतो. त्यात पाणी जास्त, भरीवपणा कमी. पठारावरचा बराच बटाटा वेफर्सच्या कारखान्यांना जातो, आणि असा बटाटा तळताना तेल जास्त पितो, काळवंडतो. महागडं बियाणं पंजाबातून आणलेलं, मजुरी रोख दिलेली, आणि माल वजनकाट्यावर नापास होतो.

एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक नियम लोकांपुढे ठेवला. तो समजवायला लाकडी पिंपाचा दाखला देतात. पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी त्या फळीपर्यंतच राहणार. बाकीच्या कितीही उंच करा. पठारावर पालाशाची फळी आखूड असेल, तर युरियाची दुसरी गोणी फुकट.

जुनी माणसं रसायनशास्त्र शिकलेली नव्हती. पण ती धनगरांना धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवत. बटाट्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतलं अँडीज. तिथले डोंगरी शेतकरीही बटाट्यानंतर जमीन काही वर्षं पड ठेवत, जनावरांचं खत घालत. लेंडीखताने नुसतं अन्न मिळत नाही, हलकी माती अन्न धरूनही ठेवते. रासायनिक खत नकोच, असं मी म्हणत नाही. शेणखताच्या जोडीला ते मोजून द्यावं, एवढंच.

मोजायचं कसं? आमच्या घरी दखनी बोलतात. तिच्यात खत म्हणजे पत्र. माती-परीक्षणाचा कागद मला मातीनं लिहिलेलं पत्रच वाटतो. लागवडीआधी शेतातल्या आठ-दहा जागांची वीतभर खोलीपर्यंतची माती घ्यावी. बांधाकडची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. ती मिसळून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिकेची सरकारी योजनाही आहे. ती पत्रिका अनेक घरांत फडताळात पडून असते. ती वाचावी, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)