तटबंदीच्या आतली माणसे
(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



गतवर्षी फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील मों-दोफँ हे तटबंदीचे गाव पाहण्याचा योग आला. गिल आणि द्युराँस या नद्यांच्या संगमावर, हजार मीटरांहून उंच अशा पठारावर ते वसले आहे. १६९२ साली सव्हॉयच्या ड्यूकने या खोऱ्यात मुसंडी मारली. तेव्हा चौदाव्या लुईचा दुर्गरचनाकार वोबाँ याने ही जागा हेरली आणि १६९३ मध्ये बांधकाम सुरू झाले. हा वोबाँ आपल्या शिवछत्रपतींचा समकालीन. त्याने रचलेली बारा ठिकाणे २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांत हे एक. २०२५ मध्ये आपलेही बारा किल्ले त्या यादीत गेले, आणि त्यांतला जिंजी महाराष्ट्राबाहेर, तमिळनाडूत आहे.

पूल ओलांडून मी वेशीतून आत शिरले. गुलाबी छटेचा दगड, सरळ आखलेले रस्ते, भक्कम बुरूज. या गावाला शत्रूचा वेढा कधी पडलाच नाही. १९४० मध्ये एका इटालियन विमानाच्या बॉम्बने शस्त्रागाराचा काही भाग पडला, एवढेच. तरीही गाव भरले नाही. अपेक्षेइतके लोक राहायला आलेच नाहीत. चर्चही अपुरेच राहिले. आज तेथे मोजकीच वस्ती आहे. काही कारागिरांनी मात्र येऊन कार्यशाळा थाटल्या आहेत. एका उघड्या दारातून हातोडीचा ठोका ऐकू आला, तेव्हा कुठे गाव जिवंत वाटले.

तेथे मला आपली शाळा आठवली. परप्रांतात आपल्या वाडवडिलांनी पदरमोड करून ही वास्तू उभारली. आम्ही एका बाकावर चौघी दाटीवाटीने बसत असू. आज सकाळी त्याच वर्गात डोकावले; मागची बाके रिकामी होती.

दोष इतरांना कसा देऊ? माझी स्वतःची मुलगी या शाळेत नाही. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. आज देणगीचा धनादेश देताना मला त्याचीच लाज वाटली. भिंतींना रंग लागेल. बाके कोण भरणार?

म्हणून मुख्याध्यापकांना एक विनंती केली आहे. येत्या शनिवारपासून ग्रंथालयात एक तास मी मुलांना वाचून दाखवीन. माझी मुलगी त्यांच्यातच बसेल. आपणही आपली मुले घेऊन या.