आधी पैज, मग प्रयोग



पत्रिकेत विषय छापलाय ‘न्यूटनचे नियम आणि प्रयोगशाळा’. ते तिन्ही नियम तुम्हाला पाठ आहेत असं धरून पुढे जातो. नाही म्हणायला कुणी हात वर करणार नाही, याची खात्री आहे. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि घरचे ते ऐकून कंटाळलेत म्हणून इथे आलोय. मुलांना प्रयोग दाखवण्याआधी काय होणार हे त्यांच्याकडून लिहून घ्या. पैजच लावा म्हणा ना! हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या गटानं हे तपासलं आणि २००४ साली प्रसिद्ध केलं. ज्यांनी वर्गात प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज तो न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. आधी अंदाज बांधणाऱ्यांना मात्र तो कळला.

आपल्याकडे अंदाज बांधायची सोयच नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक असतं. साधा लंबक घ्या. ‘जी’ ९८० यायला हवा, मग तिथून उलटं येत रीडिंग भरायची. जर्नल सर्टिफाय होतं, लंबक कपाटातच! (हशा) दुसऱ्या रांगेतले सर हसले नाहीत. सर, रोख तुमच्यावर नाही. एका टेबलाभोवती वीस मुलं आणि एकच स्टॉपवॉच असेल, तर कुणीही हेच करील.

गॅलिलिओकडे तर स्टॉपवॉचही नव्हतं. त्याच्या १६३८च्या पुस्तकाबद्दल आज बोलणार नव्हतो, पण निघालंच आहे तर सांगतो. वस्तू सरळ खाली पडते ती इतकी झपकन की मोजता येत नाही, म्हणून त्यानं उतरती फळी घेतली. फळीत खाच, खाचेत गुळगुळीत चर्मपत्र, त्यावरून कांस्याचा गोळा. वेळ मोजायला भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडायची आणि साठलेलं पाणी तराजूत तोलायचं. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यानं असं पडताळलं.

फळी मीही आणलीय. हा कॅरमचा स्ट्रायकर, ही बांगडी. दोन्ही कडेवर उभे करून एकदम सोडणार. आधी कोण पोचेल? हात वर करा... बांगडीच्या बाजूनं बऱ्याच भगिनी दिसतात. (हशा) सोडतो. पाहिलंत? स्ट्रायकर खाली पोचला तेव्हा बांगडी पाऊण फळीवर होती. मागून आवाज आला, ‘स्ट्रायकर जड आहे म्हणून!’ छान. मग हे लोखंडी कडं घ्या, स्ट्रायकरहून कितीतरी जड. सोडू? ...तेही हरलं. आता ते गृहस्थ आज रात्री झोपणार नाहीत, आणि मला हेच हवंय! बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला असतं. उतारावर मिळालेली निम्मी ऊर्जा तिच्या गरगर फिरण्यातच जाते. स्ट्रायकरची जाते एक तृतीयांश, उरलेली पुढे धावायला. कुणाला आणखी एकदा बघायचंय? काकू, तुमची पाटली द्या... नको, राहू द्या, काका बघताहेत. (हशा)

कार्यवाहांची चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटे.’ खाली दोन रेघा मारल्यात.

होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कार्यक्रमावर खरं तर अर्धा तास ठेवला होता. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झाला. खेड्यातली मुलं गटागटानं स्वतः प्रयोग करायची, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची. २००२ साली सरकारनं तो बंद केला. कसा, ते पुन्हा बोलवाल तेव्हा.

अध्यक्ष, एकच मिनिट. ही मोठी बांगडी आणि ही लहान मुलीची. मोठी आधी म्हणणारे? लहान? तुम्हीही हात वर करायचाय, साहेब. सोडतो हं... दोन्ही एकदम! का, ते विचारायला मंचामागे या. अध्यक्ष उठून उभे राहिलेत.