प्लॅन फोनवर, मूल समोर: बिहेवियर टेक्निशियनने काय ठरवायचं?

 

आजचा विषय एका नोकरीचा आहे. बारावी झालेली, ग्रॅज्युएशन करत असलेली बरीच मुलंमुली आता या कामाकडे वळतायत. नाव आहे बिहेवियर टेक्निशियन. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलाबरोबर रोज काही तास बसायचं आणि ठरलेल्या प्लॅनप्रमाणे त्याला शिकवायचं. पाणी हवं असेल तर ते मागायचं कसं, चप्पल घालायची कशी, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं कसं. यामागच्या शास्त्राला अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस म्हणतात, थोडक्यात एबीए. प्लॅन बनवतो अ‍ॅनालिस्ट. टेक्निशियन तो राबवतो आणि रोजची नोंद ठेवतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण मुलाजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतो? टेक्निशियन. सगळ्यात कमी ट्रेनिंग कोणाचं? त्याचंच. म्हणून त्याने काय ठरवायचं आणि काय ठरवायचं नाही, हा आजचा प्रश्न.

पाबळला का जायचं?

हा प्रश्न आपण शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये नेऊन बघू. पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. मस्तानीची समाधी म्हणून गाव माहीत असेल, किंवा विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. शाळेत मन न रमलेली मुलं इथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी हाताने करत शिकली. २००२ मध्ये इथे फॅब लॅब आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या सुरुवातीच्या लॅबपैकी एक. डिग्री नसलेला माणूसही करत करत पक्का कारागीर होतो, हे या गावाने दाखवलंय.

टेक्निशियनचं कामही असंच करत करत येतं. पुस्तक वाचून कोणी मुलाला घास भरवायला शिकत नाही. फरक एवढाच, की वर्कशॉपमध्ये जोड बिघडला तर तुकडा भंगारात टाकून दुसरा घेता येतो. इथे समोर सहा वर्षांचं लेकरू आहे. आपण चुकीचं काही केलं तर ते त्याच्या अंगावर आणि मनावर राहतं. म्हणून इथे करत करत शिकताना कोणीतरी बघणारं लागतंच.

आणि अडचण तिथेच आहे. समजा, पाबळमधल्या एखाद्या घरी तुम्ही हे काम करताय. तुमचा सुपरवायझर पुण्यात. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, तोही रेंज असेल तर. बाकीचे दिवस तुम्ही आणि मूल.

सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत बीएसीबी नावाचं बोर्ड आहे. त्यांचा रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन, म्हणजे आरबीटी, २०१४ मध्ये सुरू झाला. ४० तासांचं ट्रेनिंग, प्रत्यक्ष काम करून दाखवणं, मग परीक्षा. त्यानंतरही दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी निदान ५ टक्के तास सुपरव्हिजनखाली. पण २०२३ पासून भारतात राहून नव्याने आरबीटी होता येत नाही. आपल्याकडे विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट यांची नोंद १९९२ च्या कायद्याने आलेल्या पुनर्वास परिषदेकडे होते. बिहेवियर टेक्निशियनसाठी तिथे वेगळा रकाना नाही.

म्हणून कोणी 'सर्टिफाइड' म्हणालं की दोन प्रश्न विचारायचे: सर्टिफिकेट कोणाचं, आणि सुपरवायझर कोण? पहिल्याचं उत्तर भारी आणि दुसऱ्याचं उत्तरच नाही, असं असेल तर ती नोकरी धरू नका. पालक असाल तर ती सेवा घेऊ नका.

वागणं कशासाठी, हे आधी बघा

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. समजा, मुलगा रोज चारच्या सुमारास स्वतःचं मनगट चावतो. आजी म्हणते, "अहो सर, हट्टी झालंय. एक फटका दिला की गप बसतंय." आई म्हणते, "अभ्यास नको असतो त्याला."

तुम्ही वहीत तीन रकाने करा. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. आठवडाभर लिहा. माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो तेव्हा साधारण चार कारणं शोधतात: कोणाचं लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीय, नको असलेल्या गोष्टीतून सुटायचंय, किंवा त्या कृतीतून शरीरालाच काहीतरी मिळतंय.

आठवड्याच्या नोंदीत समजा असं दिसलं, की चारला शेजारची पिठाची गिरणी सुरू होते. गिरणी बंद असते त्या दिवशी चावणंही नाही. मग हट्ट कुठे राहिला? आवाज सहन होत नाहीये. ही नोंद सुपरवायझरला पाठवा. बहुतेक वेळा उपाय साधा निघेल. वेळ बदला, आतल्या खोलीत बसा, आणि "आवाज नको" हे सांगायला त्याला एक खूण किंवा चित्र शिकवा.

अजून एक. वागणं अचानक बदललं तर आधी डॉक्टर. दात, कान, पोट साफ नसणं. न बोलणारं मूल दुखणं अंगानेच सांगतं. दुखणाऱ्या दाताला स्टिकर चार्ट लागू पडत नाही.

प्लॅनमध्ये नाही ते घडलं तर

प्लॅनमध्ये लिहिलंय, बिस्किटासाठी ओरडला तर लक्ष द्यायचं नाही, खुणेने मागितलं की लगेच द्यायचं. बरोबर आहे. पण आधी ओरडून बिस्किट मिळत होतं, ते बंद झालं की ओरडणं काही काळ वाढू शकतं. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. चांगला सुपरवायझर हे तुम्हाला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवतो.

आज मात्र त्याने फरशीवर डोकं आपटायला सुरुवात केली. हे प्लॅनमध्ये नव्हतं. फोन लागत नाहीये. आता?

पहिलं, इजा थांबवा. डोक्याखाली उशी सरकवा, टोकदार वस्तू दूर करा, घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा. दुसरं, चालू असलेली मागणी थांबवा. "मी हरलो, तो जिंकला" असला हिशोब डोक्यात आणू नका, ही कुस्ती नाही. तिसरं, शांत झाल्यावर लगेच लिहा. किती वाजता, किती वेळ, कितीदा. चौथं, सुपरवायझरशी बोलणं होईपर्यंत प्लॅनचा तो भाग पुन्हा चालवू नका.

यात काय करायचं नाही, तेही ऐका. रीलवर बघितलेली युक्ती वापरायची नाही. ट्रेनिंग नसताना मुलाला दाबून धरायचं नाही. अंधाऱ्या खोलीत बसवायचं नाही. नवीन उपाय शोधणं तुमचं काम नाही. थांबवणं मात्र तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

त्याचं 'नको' कोण ऐकणार?

या शास्त्राचा एक जुना हिशोब आहे, तो माहीत हवा. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या इवार लोवास यांनी एक गाजलेला अभ्यास छापला. १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलं, त्यातली ९ मुलं साध्या शाळेत पहिली पार करू शकली. एबीए जगभर पसरलं त्यात या आकड्याचा मोठा वाटा. पण त्याच अभ्यासात मुलांना जोरात "नो!" म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं. पुढे मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक उघड बोलायला लागले: आम्हाला शांत बसायला शिकवलं, आम्हाला काय होतंय ते कोणी विचारलं नाही. या टीकेमुळेच आज चांगल्या ठिकाणी मुलाच्या संमतीची भाषा आलीय.

मूल सही करू शकत नाही. पण तोंड फिरवणं, हात ढकलणं, दाराकडे जाणं हे त्याचं 'नको' आहे. दात घासणं किंवा रस्ता ओलांडणं टाळता येत नाही, तिथे पद्धत बदलायची, वेळ द्यायचा. रंग ओळखणं आज नाही झालं तर काही बिघडत नाही.

आणि समजा आई म्हणाली, "पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तेवढं हात फडफडवणं बंद करा." तिला लोकांच्या नजरांची भीती आहे, ती खोटी नाही. तिच्याशी वाद घालू नका, पण होही म्हणू नका. म्हणा, "ताई, हे मी सुपरवायझरना विचारते. पण हात हलवून त्याला बरं वाटतं, त्याने कोणाला इजा होत नाही. लग्नात गर्दी झाली तर त्याला बाहेर जायचंय हे कसं सांगायचं, ते आपण आतापासून शिकवूया का?" ध्येय बदलायचा अधिकार तुमचा नाही. प्रश्न वर पोचवणं हे तुमचंच काम.

दहापैकी चार म्हणजे चारच

पैसे पालक देतात. त्यांना प्रगती बघायची असते. रात्री आठवून तक्ता भरताना चारचे सहा करायचा मोह होतो. पण पुण्यातला सुपरवायझर तुमच्या तक्त्यातूनच मूल बघतोय. तुम्ही सहा लिहिलं की तो पुढची पायरी देणार, आणि जे जमत नाही त्यासाठी मूल रोज रडणार. खोट्या आकड्याची किंमत मुलाला मोजावी लागते. नोंद जागेवरच करा. राहून गेली तर रकाना रिकामा ठेवा.

गाव, कांद्याची गोण आणि व्हॉट्सअ‍ॅप

आरबीटीच्या आचारसंहितेत १० डॉलरपेक्षा महाग भेट घेऊ नये असं आहे. आपल्याकडे चहा नाकारला तर माणूस दुखावतो. तर चहा घ्या. कांद्याची गोण आली तर पहिल्याच आठवड्यात हसून सांगून ठेवा, "काका, आमच्या कामात चालत नाही." का? कारण गोण घेतली की उद्या "आज जरा तासभर जास्त बसा" याला नाही म्हणणं जड जातं.

गावात कोण कोणाचं नातेवाईक हे सांगता येत नाही. मूल तुमच्याच भावकीतलं निघालं तर सुरुवातीलाच सुपरवायझरला कळवा. एसटी स्टँडवर कोणी विचारलं, "त्यांच्या पोराला काय झालंय रे?" तर उत्तर एकच, "मी कोणाच्या घरातलं बाहेर बोलत नाही."

आणि मोबाईल. मुलाने पहिला शब्द बोलला, व्हिडिओ स्टेटसला टाकावासा वाटतो. टाकू नका. चेहरा झाकूनही नाही. रडतानाचा तर अजिबात नाही. सुपरवायझरसाठी शूटिंग करायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि काम झालं की फोनमधून काढून टाका.

अंगावर वळ दिसला तर

हे बोलायला अवघड आहे. मुलाच्या अंगावर वळ, चटका, किंवा त्याहून वाईट काही दिसलं तर तारीख घालून लिहा आणि त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, सुपरवायझरच्या होकारासाठी थांबायचं नाही. चाइल्डलाइन १०९८. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि दिव्यांग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने मारहाण केली तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. तो कायदा आजीच्या फटक्यासाठी तुमच्या हातातली काठी नाही. तिच्याशी आधी बोला, समजावा. पण थेरपीच्या नावाखाली कोणी मारत असेल, तर ते 'ट्रीटमेंट' नाही, गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

एवढं लक्षात ठेवा

अडलात तर तीन प्रश्न, याच क्रमाने. कोणाला इजा होतेय का? हे प्लॅनमध्ये आहे का? मी आत्ता जे करतोय ते मुलाच्या आईसमोर आणि सुपरवायझरसमोर जसंच्या तसं करू शकेन का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं की हात आवरा.

तुमच्यापैकी कोणी हे काम करत असेल, किंवा घरात असं मूल असेल, तर हा भाग त्या सुपरवायझरलाही पाठवा आणि आठवड्याचा कॉल नेमका कधी, ते पक्कं करून घ्या. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.