संकेतस्थळाचा कारागीर : कलेची शिस्त आणि व्यवहाराची नीती

कोल्हापूर शहरातील शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापाराच्या वाढीसाठी वसविली. त्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे १८९१ साली, कोल्हापूर लोहमार्गाने मिरजेशी जोडले गेले होते. स्थानकाच्या सान्निध्यात वसलेली ही पेठ गुळाच्या व्यापारामुळे नावारूपास आली. आज गुळाचे सौदे श्री शाहू मार्केट यार्डात होतात; तथापि शाहूपुरीची व्यापारी वृत्ती ओसरलेली नाही. याच पेठेतील कुंभार गल्लीत दरवर्षी गणेशमूर्ती घडतात. व्यापार आणि कारागिरी अशी एकमेकींच्या शेजारी नांदत असलेल्या या परिसरात एका नव्या कारागिराचा विचार करणे उचित ठरेल. हा कारागीर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा संकेतस्थळ-रचनाकार, अर्थात वेब डिझायनर होय. त्याची कला आणि त्याचा व्यवहार हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली महाजालाची, म्हणजे वेबची, कल्पना मांडली. १९९३ साली ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुले झाले आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून भारतात सर्वसामान्यांना इंटरनेटची सेवा मिळू लागली. यातून जो व्यवसाय जन्मास आला, त्याला मोठे भांडवल लागत नाही. एक संगणक, इंटरनेटची जोडणी आणि अंगी कौशल्य एवढ्यावर तो जिल्ह्याच्या ठिकाणी, किंबहुना तालुक्याच्या गावीही करता येतो. पुण्या-मुंबईची वाट न धरता घरी राहून उपजीविका करण्याची ही संधी ग्रामीण तरुण-तरुणींच्या दृष्टीने मोलाची आहे. मात्र व्यवसायात प्रवेश करणे जितके सोपे, तितके त्यात टिकून राहणे सोपे नाही. कौशल्य असूनही ज्यांना हा व्यवसाय सोडावा लागतो, त्यांची कला अपुरी पडलेली असतेच असे नाही. पुष्कळदा हिशेब अपुरा पडलेला असतो.

कोल्हापूरचा वारसा

मागणीनुसार चित्र काढून त्यावर चरितार्थ चालविणारा कलावंत कोल्हापूरला नवा नाही. १८९० साली जन्मलेले बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातील भाऊ आनंदराव हे दोघेही स्वशिक्षित कलावंत होते. नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविण्यात त्यांनी लौकिक मिळविला. पुढे चलच्चित्राचे नवे माध्यम आले, तेव्हा त्यांनी त्याचे यंत्रही समजून घेण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. स्वदेशी बनावटीचा कॅमेरा सिद्ध झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० साली ‘सैरंध्री’ आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ हे चित्रपट लोकांसमोर आले. आपल्या चित्रपटांच्या जाहिरातीची भित्तिचित्रेही ते स्वतः रंगवीत. ज्या हाताने नाटकाचा पडदा रंगविला, त्याच हाताने कॅमेऱ्याचे सुटे भाग हाताळले, ही गोष्ट आजच्या रचनाकाराने ध्यानी घ्यावी. माध्यम बदलते, रेषा, रंग आणि मांडणी यांची जाण कायम राहते. मात्र नव्या माध्यमाचे यंत्र मुळापासून शिकण्याची तयारी हवी.

दुसरे उदाहरण आबालाल रहिमान यांचे. कोटितीर्थाच्या परिसराची निसर्गचित्रे त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. जागा तीच, परंतु प्रहर निराळा, ऋतू निराळा, प्रकाश निराळा. स्फूर्तीची वाट पाहत बसण्याऐवजी रोज डोळ्यांना आणि हाताला काम देणे, हीच खरी कलासाधना होय.

रोजची सवय

रचनाकाराची साधना याच स्वरूपाची असावी. दिवसाचा पहिला तास-दीड तास ग्राहकाच्या कामाला न देता अभ्यासाला द्यावा. एखादे दुकानाचे पाटीफलक, जुनी लग्नपत्रिका, बसस्थानकावरील वेळापत्रक यांतील अक्षरांची मांडणी पाहावी आणि कागदावर उतरवावी. संगणक उघडण्यापूर्वी पेन्सिलीने तीन-चार कच्चे आराखडे काढावेत. पहिला आराखडा बहुधा सवयीचा असतो; तिसऱ्या-चौथ्यात विचार दिसू लागतो.

मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत देवनागरी अक्षराचा अभ्यास अपरिहार्य आहे. मात्रा, वेलांटी आणि उकार यांमुळे देवनागरी ओळीला वर-खाली अधिक जागा लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी मजकूर कोंबला, की ओळी एकमेकींवर चढतात आणि वाचक कंटाळतो. युनिकोड पद्धतीमुळे एका संगणकावर लिहिलेली देवनागरी दुसऱ्या संगणकावर जशीच्या तशी वाचता येऊ लागली, र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञांनी ‘मंगल’सारखे संगणकीय टंक घडविले. या पायावर काम करणाऱ्याने मजकूर चित्ररूपाने न टाकता अक्षररूपानेच द्यावा, म्हणजे तो शोधता येतो आणि दृष्टिहीन व्यक्तीला संगणकाकडून वाचून घेता येतो.

काम पुरे झाल्यावर ते साध्या मोबाइलवर, भर उन्हात आणि मंद गतीच्या जोडणीवर तपासावे. कुंभार गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी अखेरीस आणि कसलेल्या हाताने करतो. ती चुकली, तर आधीची सारी मेहनत फिकी पडते. संकेतस्थळाची अखेरची तपासणी ही त्याच योग्यतेची आहे.

मोबदल्याचा हिशेब

नवा रचनाकार शेजाऱ्याचा दर विचारून त्याहून थोडा कमी दर सांगतो. ही पद्धत घातक आहे. दर स्वतःच्या गरजेवरून काढला पाहिजे. उदाहरणादाखल असे समजू, की एखाद्याला घरखर्चास दरमहा ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये लागतात. वीज, इंटरनेट, संगणकाची झीज, प्रवास व कर मिळून ९०,००० रुपये धरले, तर एकूण गरज ४,५०,००० रुपये होते. वर्षाचे ३०० दिवस काम होईल असे मानल्यास रोजचा दर १,५०० रुपये येतो. परंतु भेटीगाठी, शिक्षण, दरपत्रके आणि वसुली यांत पुष्कळ दिवस जातात. मोबदला मिळणारे दिवस १८० च भरले, तर १,५०० रुपये दराने केवळ २,७०,००० रुपये हाती येतील आणि घरखर्चही भागणार नाही. योग्य दर २,५०० रुपये ठरतो. हे साधे त्रैराशिक व्यवसायाच्या पहिल्याच दिवशी मांडले पाहिजे.

याबरोबरच एकाच ग्राहकावर सारी भिस्त ठेवू नये आणि निदान तीन महिन्यांचा खर्च शिलकीत ठेवावा. मूर्तिकाराचा हंगाम ठराविक असतो, म्हणून तो वर्षाचा हिशेब हंगामात करतो. रचनाकाराचा हंगाम अनिश्चित असल्याने त्याला अधिकच सावध राहावे लागते.

कागदावर आलेला शब्द

गणेशचतुर्थीची तिथी कोणासाठी पुढे जात नाही. त्यामुळे मूर्तीची नोंदणी आधी होते, विसार दिला जातो आणि मूर्तीची उंची व रंग आधीच ठरतात. संकेतस्थळाच्या कामात मात्र ‘आधी करून तर दाखवा’ या शब्दावर महिनोन्महिने काम चालते. पाने किती, मजकूर कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा, काम कोणत्या तारखेस पुरे होणार आणि रक्कम कोणत्या टप्प्याने मिळणार, या पाच गोष्टी एका पानावर लिहून त्यावर उभयतांच्या सह्या असाव्यात. आगाऊ रक्कम मागण्यात संकोच नसावा. विसार हा अविश्वास नव्हे, ती कामाची खूण आहे.

कायद्याचेही पाठबळ आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देयक लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागते आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. करार नसेल, तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांची मर्यादा लागू होते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. तंटा उद्भवल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य असून ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे आहे.

रचनेवरील हक्काची बाबही लेखी हवी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी झाले पाहिजे. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. संकेतस्थळ कायमस्वरूपी आपले झाले असे समजणाऱ्या ग्राहकाने आणि सर्व हक्क आपलेच राहिले असे मानणाऱ्या रचनाकाराने ही तरतूद एकदा तरी वाचावी.

ग्राहकाचे कर्तव्य

येथवर रचनाकाराचे कर्तव्य सांगितले. परंतु ग्राहक कोण? शाळा, ग्रामपंचायत, सहकारी संस्था, बचत गट आणि शासकीय कार्यालये हेही या कारागिराचे ग्राहक आहेत. त्यांच्याकडून होणारा विलंब एखाद्या मोठ्या कंपनीला सोसेल. एकट्याने काम करणाऱ्या तरुणीचे घरभाडे मात्र त्यात अडकते.

म्हणून संस्थांनी काही पथ्ये पाळावीत. काम देण्यापूर्वी संकेतस्थळाचा हेतू एका परिच्छेदात लिहावा. मजकूर आणि छायाचित्रे वेळेवर देण्याची जबाबदारी एका नामनिर्देशित व्यक्तीकडे सोपवावी. सर्वांत कमी दर हाच एकमेव निकष न ठेवता पूर्वीचे काम पाहावे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी, म्हणजे डोमेन, रचनाकाराच्या नव्हे तर संस्थेच्या नावे असावी आणि तिच्या वार्षिक नूतनीकरणाची तारीख दप्तरी नोंदवावी. अन्यथा पदाधिकारी बदलले, की संकेतस्थळ बंद पडते. वार्षिक देखभालीची तरतूद अंदाजपत्रकातच करावी. काम स्वीकारले, की स्वीकृतीचे पत्र त्याच दिवशी द्यावे, कारण देयकाची मुदत तेथून मोजली जाते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ध्यानात घेऊन, दृष्टिहीन नागरिकालाही संकेतस्थळ वापरता येईल अशी अट कार्यादेशात घालणे हे तर संस्थेचे कर्तव्यच होय.

शिक्षकांकडे याहून मोठे काम आहे. चित्रकलेच्या तासाला रेषा आणि गणिताच्या तासाला त्रैराशिक शिकविले जाते. परंतु आपल्या रेषेची किंमत कशी काढावी, हे सहसा कोणी शिकवीत नाही. एक दरपत्रक, एक करारपत्र आणि एक पावती तयार करण्याचा पाठ नववी-दहावीच्या वर्गात घेणे अवघड नाही. कुंभार गल्लीला किंवा गावातील एखाद्या कारागिराला भेट देऊन तो नोंदणी कशी घेतो, विसार किती घेतो, माल केव्हा देतो, हे विद्यार्थ्यांनी लिहून आणले, तरी व्यवहाराचा पहिला धडा मिळेल.

बाबूराव पेंटरांच्या काळी कलावंताला आश्रय राजाचा किंवा नाटक मंडळीचा होता. आजच्या रचनाकाराला तो समाजातील लहानमोठ्या संस्थांकडून मिळावयाचा आहे. हा आश्रय उपकाराच्या रूपाने नको. स्पष्ट कार्यादेश, वाजवी दर आणि वेळेवर दिलेले देयक, एवढ्या स्वरूपात तो मिळाला, तरी जिल्ह्यातील कला जिल्ह्यातच नांदेल.