हा अशक्तपणा नव्हे
(वर्धा जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



‘पायात त्राण नाही,’ असं बाई म्हणाली की घरात काय उत्तर मिळतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. रक्त कमी असेल, उपास केला असेल, नाहीतर कामाचा कंटाळा! बाळंतीण असेल तर ‘बाळंतपणाची कमजोरी’. पुष्कळदा बाई थकलेलीच असते. पण एका दुखण्यात हे उत्तर जिवावर बेततं. त्याचं नाव गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत त्याचे शंभरावर रुग्ण निघाले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. दूषित पाण्याचा संशय होता. एरवी हे दुखणं क्वचितच होतं, पण कुठल्याही गावात, कुणालाही होऊ शकतं.

बहुतेकदा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन जातो. शरीर जंतूंशी लढतं आणि ती लढाई चुकून आपल्याच नसांवर उलटते. वायरीवरचं आवरण खराब व्हावं तसं नसांचं होतं. मग मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. हे दुखणं एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

खुणा लक्षात ठेवा. हातापायांना मुंग्या येतात, कधी पाठ खूप दुखते. मग दोन्ही पायांतली शक्ती जाते. चप्पल पायातून निसटते, उकिडवं बसलं की उठवत नाही. पुढे हात वर जात नाहीत, हंडा उचलत नाही. अंगावरून वारं गेलं की सहसा एक बाजू लुळी पडते. इथे बहुधा दोन्ही बाजू जातात. थकवा विश्रांतीनं उतरतो, हे मात्र दिवसागणिक, कधी तासागणिक वर चढतं.

घास गिळताना ठसका लागला, आवाज बसला, डोळे पूर्ण मिटेनात, दम लागला, तर एक तासही थांबू नका. एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणायला सांगा. जमत नसेल तर धोका आहे. पण जमले म्हणून घरी बसू नका.

मालिश, झाडफूक, ‘ताकदीची सलाईन’ यांत दिवस जातात. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं, हे यावरचे उपचार. पहिल्या दोन आठवड्यांत ते मिळाले तर जास्त गुण येतो. चारातल्या साधारण एका रुग्णाला श्वासाचं यंत्र लागतं. म्हणून १०८ ला फोन करा आणि सेवाग्राम किंवा सावंगीसारखं, अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिथेच करा. पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर आशाताईंनाही कळवा. पोलिओसाठी त्याची शौच तपासणी व्हावी लागते.

बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण त्याला महिने लागतात. त्या महिन्यांत तिचं काम कोण करणार, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांचा आहे, तिच्या एकटीचा नाही.

आर्वी-आष्टीकडून निघायचं तर वाटेतच वेळ जातो. त्यात नवरा शेतातून येईल, पैशाची सोय होईल, मग बघू, असं म्हणत रात्र काढू नका. शेजारणीनं ‘पाय उचलत नाही’ म्हटलं, तर तिला समोर उठून उभं राहायला सांगा. उठता आलं नाही, तर परवानगीची वाट न पाहता तिला घेऊन निघा.